हातचं राखून



आज मी तुम्हाला हुमणीविषयी सांगणार नाही, की बीजप्रक्रियेविषयीही नाही. आज सांगायची आहे ती एका शर्यतीची गोष्ट. ही शर्यत मी स्वतः पळालो, आणि सपशेल फसलो. तुम्ही म्हणाल, शेतीचा माणूस, वय पन्नाशीच्या पुढे, पंचायत समितीत विस्तार अधिकारी. याला शर्यतीत पळायचे काय सुचले? बरोबर आहे. माझ्या सौ.नेही हेच विचारले होते. म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, कोरडवाहू शेतकरी. शाळू हे त्यांचे पीक आणि शाळू हेच त्यांचे वेड. साठीच्या आत त्यांना साखरेचा आजार जडला. त्या काळी खेड्यात या आजाराला कोणी फारसे मनावर घेत नसे. एके दिवशी त्यांच्या अंगठ्यात बाभळीचा काटा मोडला. तो त्यांना कळलाच नाही. साखरेने पायाची जाणीवच बोथट झाली होती. काटा आत कुजला, अंगठा गेला, मग वर्षभरात गुडघ्याखालचा पायही गेला. शेवटच्या हंगामात आम्ही त्यांना बैलगाडीत बसवून शिवारात नेले. शाळू निसवला होता. गाडीतूनच हात लांब करून त्यांनी एक कणीस चाचपले आणि म्हणाले, "बांधावरनं एक चक्कर मारली असती, तर बरं वाटलं असतं." एवढेच. तो माणूस एका चकरेसाठी तळमळत गेला.

मला बावन्नाव्या वर्षी तीच साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि विचारले, "रोज चालता किती?" मी गप्प. मंडळी, तुम्हाला ठाऊक आहे, आमची शिवारफेरी मोटारसायकलवरून होते. बांधाला गाडी लावायची, चार तासांत पाय ठेवायचे, सल्ला द्यायचा आणि पुढच्या गावाला जायचे. तीस वर्षे दुसऱ्याच्या पिकाची निगा सांगत हिंडलो, पण स्वतःच्या देहाच्या मशागतीकडे पाहिले नव्हते. घरी येताना सारखी ती बैलगाडी डोळ्यांपुढे येत होती. दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून चालू लागलो.

आमच्या माण तालुक्यात पहाटेच्या रस्त्यावर तुम्ही एकटे कधीच नसता. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे-पोरी अंधारातच पळत असतात. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर. त्यांच्यात आमच्या शेजारच्या मळ्यातली एक पोरगी होती. महिनाभर मी चालताना तिने पाहिले आणि एके दिवशी म्हणाली, "काका, आता थोडं पळा की." मी पळालो. शंभर पावलांत छाती भात्यासारखी हलू लागली. ती हसली नाही. म्हणाली, "काका, लई जोरात पळताय. पळताना माणसाला बोलता आलं पाहिजे. बोलता येईना झालं की समजायचं, आपण उधळपट्टी करतोय."

हा पहिला धडा. पळता पळता शेजाऱ्याशी दोन वाक्ये बोलता येतील एवढाच वेग ठेवायचा. एक मिनिट पळायचे, दोन मिनिटे चालायचे. आठवड्याला थोडे थोडे वाढवायचे. नवी बैलजोडी आपण पहिल्याच दिवशी नांगराला जुंपून दिवसभर हाकत नाही. आधी हलक्या कामाला लावतो, खांदा धरू देतो. माणसाच्या हाडा-स्नायूंचेही तसेच. वर्षभरात मी दहा किलोमीटर सहज पळू लागलो. साखर आटोक्यात आली. डॉक्टरांनी गोळ्यांची मात्राही कमी केली. पळणे वाढवायचे तर गोळ्यांचा हिशेब त्यांना विचारूनच करायचा, हे त्यांनी बजावले आणि खिशात नेहमी साखरेची पुडी ठेवायला सांगितले.

गावात थोडी चेष्टा झालीच. "साहेब, हे शहरातल्या लोकांचं खूळ हाय," असे चावडीवर कोणी म्हणाले. त्यावर एक गोष्ट मी तिथे सांगितली, ती तुम्हालाही सांगतो. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर मैदानी शर्यती झाल्या. पळणारे बहुतेक शेतकऱ्यांची पोरे होती, आणि पळाली अनवाणी. दोराबजी टाटा तिथे अध्यक्ष होते. ही पोरे पाहून त्यांच्या मनात आले की यांना ऑलिंपिकला पाठवावे. त्यातूनच १९२० साली हिंदुस्थानचे खेळाडू बेल्जियममधल्या अँटवर्पला गेले. त्या वेळी बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळाले आणि एकोणिसावे आले. आणि इतके लांब तरी कशाला जायचे? आपल्याच माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली ब्राझीलमधल्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत पोचल्या आणि दहाव्या आल्या. तेव्हा पळणे ही शहराची मिरास नाही. ती आपली जुनी चीज आहे. मधल्या काळात आपण ती मोटारसायकलच्या कॅरियरला बांधून टाकली.

आता शर्यतीकडे वळतो. तालुक्याच्या गावी तरुण मंडळाने एकवीस किलोमीटरची शर्यत ठेवली. वेळ संध्याकाळी पाचची, माघ पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. संध्याकाळ का, तर दिवस काढणीचे. सकाळी कोणाला सवड नाही. दिवसभराचे काम उरकून माणसे येतील, आणि परतीला चांदणे असेल, असा पोरांचा हिशेब. गावातून निघायचे, पश्चिमेला साडेदहा किलोमीटर जायचे आणि त्याच रस्त्याने परत यायचे. मुदत साडेतीन तास.

संध्याकाळची शर्यत आणि सकाळची शर्यत यांत फरक आहे, तो आधी समजून घ्या. सकाळी तुम्ही निघता तेव्हा गारवा असतो आणि पुढे ऊन चढत जाते. संध्याकाळी उलटे. निघताना ऊन कलते असले तरी डांबर दिवसभर तापलेले असते, ते खालून धग मारते. जसजसा वेळ जातो तसतशी हवा निवत जाते. म्हणजे जो अर्धा भाग तुम्ही ताज्या पायांनी पळता, तोच उन्हाचा, घामाचा आणि खर्चाचा असतो. सोपा अर्धा भाग मागाहून येतो. तेव्हा शहाणपण कशात? पहिल्या अर्ध्यात हात आखडता ठेवण्यात. शिवाय संध्याकाळच्या शर्यतीत पोटाचा हिशेब लागतो. सकाळी माणूस उठून पळतो, पण संध्याकाळी सबंध दिवसाचे खाणे-पिणे आणि श्रम बरोबर घेऊन पळावे लागते.

हे सगळे मला माहीत होते, बरे का. आदल्या रात्री मी सौ.ला बसवून शाळूचे उदाहरण देऊन समजावलेसुद्धा. बागायती शाळूला चार पाण्याच्या पाळ्या: पेरणीनंतर २८ ते ३० दिवसांनी पहिली, ५० ते ५५ दिवसांनी पोटरीत दुसरी, ७० ते ७५ दिवसांनी फुलोऱ्यात तिसरी आणि ९० ते ९५ दिवसांनी दाणे भरताना चौथी. पहिल्या दोन पाळ्यांतच विहीर उपसली तर ताटे दिसतात झोकदार, पण कणसात दाणा भरत नाही. "पळायचंही तसंच," मी म्हणालो. ती म्हणाली, "कळलं. आता तुम्ही तसं करा म्हणजे झालं."

तिची जीभ काळी नाही, पण झाले उलटेच.

पोट हलके हवे म्हणून मी दुपारची भाकरी टाळली. ही पहिली चूक. गोळी मात्र सकाळी नेहमीसारखी घेतली होती. उन्हाच्या भीतीने निघायच्या तोंडावर दोन तांबे पाणी घटाघटा प्यायलो. ही दुसरी. मुळाशी पाणी तुंबले की वाफसा मोडतो आणि पीक पिवळे पडते, हे मीच शिकवतो. माझ्या पोटात पाणी डचमळत होते. आणि तिसरी चूक सगळ्यांत मोठी. सुरुवातीला हलगी कडाडली, भरतीची पोरे उधळली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाव लोटला होता. कोणीतरी ओरडले, "चला सायेब, दाखवा दम!" आणि मी दाखवला.

पहिले सहा किलोमीटर मी वाऱ्यावर होतो. सूर्य समोर डोळ्यांत येत होता, पाठ घामाने निथळत होती, पण अंगात रग होती. बोलता येते का ते तपासायचे मला आठवले. तपासले. येत नव्हते. तरी मी थांबलो नाही. मनात म्हटले, आता चाललेय ना चांगले, मग आताच पळून घेऊ. पुढचे पुढे पाहू.

साडेदहा किलोमीटरला वळसा घेतला तेव्हा पायांत शिसे भरल्यासारखे झाले होते. परतीला सूर्य मावळला आणि समोर पूर्वेला पिवळाजर्द चंद्र वर आला होता. हवा निवली होती. पळायला खरी वेळ आता आली होती, पण माझ्याकडे खर्चायला काही उरले नव्हते. तेराव्या किलोमीटरच्या सुमारास अंगाला गार घाम सुटला, हात थरथरू लागले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर मी मटकन बसलो.

"आवं, कोन त्यो? सायेब का काय?"

शेजारच्या रानातून काठी टेकत एक म्हातारा आला. सारे त्यांना तात्या म्हणतात. शाळू काढून पाचुंदे बांधून पडले होते, त्यांच्या राखणीला ते बसले होते. मी खिशातली साखरेची पुडी काढली, पण हातांना ती सुटेना. तात्यांनीच ती फोडून माझ्या तोंडात साखर घातली, वर दोन घोट पाणी दिले. मंडळाची पोरे गाडीवरून फिरत होती, त्यांनी रुग्णवाहिका बोलावली. आत एक परिचारिका होती. तिने बोट टोचून साखर तपासली. खाली आलेली होती, पण वर चढू लागली होती. ती म्हणाली, "पंधरा मिनिटं हलायचं नाही." पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले. साखर ठीक झाली होती. तिने आणखी दोन बिस्किटे खायला लावली आणि सांगितले, "आता गाडीत बसा. नाहीच ऐकणार, तर फक्त चालत जा, पळायचं नाही, आणि हा मुलगा तुमच्याबरोबर राहील."

खरे सांगायचे तर गाडीत बसणे हेच शहाणपणाचे होते. तुमच्यापैकी कोणावर अशी वेळ आली तर निमूट गाडीत बसा.

पण त्या पंधरा मिनिटांत आणखी काहीतरी घडले होते. मी कठड्यावर बसलो होतो आणि समोर तात्यांची विहीर चांदण्यात दिसत होती. ती पाहून मला २०१८ चे साल आठवले. त्या दुष्काळाच्या वर्षी याच विहिरीच्या काठावर उभा राहून मी तात्यांना चारचौघांत बोललो होतो. त्यांनी पहिल्या दोन पाळ्यांतच पाणी संपवले होते आणि फुलोऱ्यात शाळू वाळत होता. मी म्हणालो होतो, "तात्या, तुम्हाला इतकं सांगितलं होतं, थोडं हातचं राखून ठेवा. ऐकायचंच नाही म्हटल्यावर आम्ही काय करणार?" तात्या तेव्हा काहीच बोलले नव्हते. खाली मान घालून काठीने माती उकरत राहिले होते.

मी म्हणालो, "तात्या, त्या वर्षी मी तुम्हाला लागेल असं बोललो होतो."

"कवा?" ते म्हणाले. मग जरा वेळाने म्हणाले, "हां, त्या साली व्हय. सायेब, तुमचं खरंच हुतं. मला ठावं नव्हतं असं न्हाई. पर पीक डोळ्यांम्होरं माना टाकत हुतं आन् हिरीत पानी दिसत हुतं. हात ऱ्हातो का वं?"

हात राहतो का? वाचकहो, तासाभरापूर्वी माझा राहिला नव्हता. मला बी.एस्सी.ची पदवी आहे, तीस वर्षांचा अनुभव आहे, आदल्या रात्री घरात मी व्याख्यान दिले होते. तरी पायात रग असताना, हलगी वाजत असताना मी माझी विहीर सहा किलोमीटरांत उपसली होती. आणि माझ्यापुढे तर काही पोटाचा प्रश्न नव्हता. वाळत्या पिकापुढे उभ्या असलेल्या माणसाचा हात राहत नाही, यात मूर्खपणा कसला? माहिती नसणे ही एक गोष्ट आहे, आणि माहीत असून मन न आवरणे ही दुसरी. मी तीस वर्षे पहिल्या रोगावर औषध देत होतो. दुसऱ्याला फक्त रागावत होतो.

उरलेले आठ किलोमीटर मी चालत आलो. बरोबरचा पोरगा बॅटरी घेऊन पुढे. दोन्ही बाजूंना काढलेल्या शाळूचा वास, कुठे मेंढरांच्या वाड्यातून कुत्र्याचे भुंकणे. मधूनमधून मी थांबून बूट काढायचो आणि तळवे चाचपायचो. पोराला वाटले, पाय दुखतात. त्याला काय सांगणार, की दुखतात याचेच मला समाधान वाटत होते? आप्पांचे पाय दुखायचे थांबले होते.

मी पोचलो तेव्हा मांडवाचे कनाती-खांब काढायला सुरुवात झाली होती. तीन तास तेहेतीस मिनिटे. मुदत तीन मिनिटांनी हुकली. यादीत नाव आले नाही. शेजारची पोरगी कधीच पोचून माझ्यासाठी थांबली होती. ती एवढेच म्हणाली, "काका, बोलता येत होतं का?" मी मान हलवली. तीही हसली आणि मीही.

पुढच्या आठवड्यात मी तात्यांच्या विहिरीवर गेलो. या खेपेला व्याख्यान दिले नाही. बरोबर चुन्याचा डबा नेला होता. आम्ही विहिरीची खोली मोजली, झरा किती भरतो त्याचा अंदाज घेतला, आणि आतल्या कडेला चुन्याने चार खुणा केल्या. चार पाळ्यांच्या चार. ठरवले असे, की पाणी ज्या पाळीच्या खुणेवर आले त्या पाळीपुरती मोटर बंद. मग पिकाकडे पाहायचे नाही, मनाला विचारायचे नाही, फक्त खुणेकडे पाहायचे. तात्या म्हणाले, "चुना म्या लावतो, सायेब. पर रातीचं मोटर बंद कराया तुमी या." आम्ही दोघेही हसलो; पण मी मनात म्हटले, खरी अडचण हीच आहे आणि ती त्यांनी नेमकी सांगितली. मोह मोटरपाशी होतो, मेळाव्यात नाही. म्हणून निर्णय मोटरपाशी घ्यायचा नसतो. तो आधीच, शांत डोक्याने, भरल्या विहिरीवर घेऊन ठेवायचा आणि त्याची खूण करायची.

मीही माझ्यासाठी एक खूण केली. पुढच्या माघात शर्यत पुन्हा झाली. आमच्या गावात साठीला टेकलेले एक निवृत्त पोस्टमन आहेत, घड्याळासारखे संथ पळणारे. मी त्यांना आधीच सांगून ठेवले, "दहा किलोमीटरपर्यंत मी तुमच्या मागे राहणार. पुढे गेलो तर हाक मारा." दुपारी वेळेवर भाकरी-भाजी खाल्ली, पाणी दिवसभर थोडे थोडे प्यायलो, पांढरा सदरा घातला, म्हणजे अंधारात गाडीवाल्यांना दिसावे. हलगी तशीच कडाडली. तीनदा मला हाक मारावी लागली. पण वळसा घेतला तेव्हा समोर चंद्र होता, वारा गार होता आणि पायांत अजून काहीतरी शिल्लक होते. दोन तास बावन्न मिनिटांत आलो. बक्षीस नाही, पण यादीत नाव आले, ते सौ.ने दोनदा वाचले.

तेव्हा बंधूंनो आणि भगिनींनो, तुम्ही शर्यत पळा असा माझा आग्रह नाही. पण घरात कोणाला साखर असेल, वय चाळिशीच्या पुढे असेल, तर एकदा रक्त तपासून घ्या. डॉक्टरांना विचारून रोज चाला, जमले तर पळा. रोज रात्री दिव्याखाली पायांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. स्वतःला वाकता येत नसेल तर घरच्यांना पाहू द्या. शेतात अनवाणी जाऊ नका. काटा सगळ्यांनाच लागतो, साखर असलेल्याला तो कळत नाही, एवढाच फरक. आणि जिथे आपला हात राहत नाही असे ठाऊक आहे, मग ते पाणी असो, पैसा असो वा अंगातली रग, तिथे मनाच्या निश्चयावर विसंबू नका. आधी एक खूण करून ठेवा.

परवा रात्री साडेदहाला फोन वाजला. एवढ्या रात्री कोण म्हणून दचकून घेतला. तात्या होते.

"सायेब, खुनंवर पानी आलं. मोटर बंद केली बरं का," ते म्हणाले. "म्हटलं, सांगावं."